आमवात आणि ऊन

छत्रपती संभाजीनगरासारख्या शहरांत, जेथें वैशाखांतल्या दुपारीं गुलमंडीच्या रस्त्यावर पाऊल ठेववत नाहीं, तेथल्या माणसाला "तुमच्या अंगांत उन्हाचा अंश कमी आहे" असें सांगितलें तर त्याला ती थट्टाच वाटेल. परंतु रक्त तपासून आलेल्या पुष्कळ सुखवस्तु मंडळींच्या हातांतील कागदावर आज हेंच लिहिलेलें असतें. त्यांतच बोटांचे सांधे सुजलेले असले, कीं मनांत एक सोपा हिशेब तयार होतो : ड जीवनसत्त्व कमी झालें म्हणून सांधे धरले, तें भरून काढलें, कीं सांधे सुटतील. ह्या हिशेबांत खरें किती आणि खोटें किती, हें श्रोत्यांपुढें मांडावयाचें आहे.

प्रथम रोगाविषयीं. उतारवयांत गुडघे झिजतात तो हा रोग नव्हे. माधवनिदानांत ज्याचें स्वतंत्र प्रकरण आहे त्या आमवाताशीं पुष्कळ साम्य असलेला हा विकार डॉक्टर ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस ह्या नांवानें ओळखतात. दोन्ही हातांचे लहान सांधे बरोबरीनें सुजतात, सकाळीं तास-तास मूठ वळत नाहीं, आणि पुरुषांहून स्त्रियांना तो दुपटी-तिपटीनें अधिक गांठतो. पुणें जिल्ह्यांतील भिगवण येथें १९९६ सालीं सुरू झालेल्या घरोघरच्या पाहणींत प्रौढांमध्यें त्याचें प्रमाण सुमारें अर्धा टक्का आढळलें. म्हणजे दोनशें माणसांमागें एक.

आतां सांध्याच्या आंत काय घडतें तें पाहूं. शरीरांतील बहुतेक पेशींत अन्न जाळणाऱ्या सूक्ष्म चुली आहेत. त्यांना मायटोकाँड्रिया म्हणतात. चूल म्हटली कीं ठिणग्या उडणारच. सुपरऑक्साइड, हायड्रोजन पेरॉक्साइड हीं त्यांतल्या कांहीं ठिणग्यांचीं नांवें. त्या विझविण्यासाठीं पेशी ग्लुटाथायोनसारखीं द्रव्यें जवळ बाळगते, आणि निरोगी शरीरांत दोहोंचा मेळ बसलेला असतो. आमवातांत तो मोडतो. शरीराची रक्षकसेना आपल्याच सांध्याच्या अस्तराला परकें समजूं लागते. पांढऱ्या पेशींच्या झुंडी तेथें जमतात, आणि ज्या ठिणग्या जंतूंवर टाकावयाच्या त्या घरावरच टाकतात. सांध्यांतील चिकट वंगण त्यांनीं पातळ होतें, कूर्चेला इजा होते, आणि होरपळून रूप बदललेलीं प्रथिनें रक्षकांना पुन्हा परकीं भासूं लागतात. आग आगीला बोलावते ती अशी. ह्या अवस्थेला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस असें नांव आहे.

ड जीवनसत्त्व येथें कोठें बसतें? नांवानें तें जीवनसत्त्व असलें तरी वागणुकीनें हॉर्मोन आहे. उन्हानें तें त्वचेंत तयार होतें, यकृतांत आणि मूत्रपिंडांत त्यावर दोन संस्कार होतात, मग तें कामास लागतें. रक्षकसेनेंतील कांहीं पेशी तर शेवटचा संस्कार स्वतःच उरकतात, आणि प्रयोगशाळेंत असें दिसतें कीं त्यामुळें त्यांचा अतिरेक मंदावतो व ठिणग्या विझविण्याची शक्ति वाढते. आमवाताच्या रोग्यांत त्याचें प्रमाण सरासरीनें कमी आढळतें. मात्र येथेंच सावध राहिलें पाहिजे. दाह स्वतःच रक्तांतील हें प्रमाण खालीं ओढतो. शिवाय ज्याला जिना उतरवत नाहीं तो उन्हांत जाणार कसा? बी आधीं कीं झाड आधीं, असा हा प्रश्न आहे.

त्याचें थोडें उत्तर अमेरिकेंत मिळालें. २५,८७१ प्रौढांच्या एका मोठ्या प्रयोगांत निम्म्यांना रोज २,००० युनिट ड जीवनसत्त्व दिलें, बाकीच्यांना नुसती गोळी. सुमारें पांच वर्षांनंतरचा निष्कर्ष २०२२ सालीं प्रसिद्ध झाला : शरीर स्वतःवर उलटतें अशा सर्व रोगांचें एकत्रित प्रमाण २२ टक्क्यांनीं घटलें. एकट्या आमवाताचे रोगी त्यांत इतके थोडे होते कीं त्यांच्यापुरता ठाम निर्णय देतां येत नाहीं. शिवाय हा प्रयोग रोग टाळण्याचा होता, जडलेला बरा करण्याचा नव्हे. आणि ठिणग्या विझविणारी गोळी थेट गिळावी म्हणावें, तर ई जीवनसत्त्वावर सुमारें ३९ हजार स्त्रियांत तोही प्रयोग झाला. २००८ सालीं कळलें कीं त्यानें आमवात टळला नाहीं.

उन्हाच्या देशांत उन्हाचा दुष्काळ मात्र जुना आहे. आपल्या शेजारच्या नाशकांत हचिसन आणि शहा ह्यांनीं मुडदुसाचा अभ्यास करून १९२२ सालीं तो प्रसिद्ध केला. पडद्यांत राहणाऱ्या खात्यापित्या घरांत मुडदूस होता. निकृष्ट अन्नावर दिवसभर शेतांत राबणाऱ्या गरिबांत तो नव्हता. आज पडद्याची जागा वाळूजच्या कारखान्यांचीं छपरें, कचेऱ्यांच्या कांचा आणि दुचाकीवरचे तोंडभर रुमाल ह्यांनीं घेतली आहे. कांचेतून येणाऱ्या उन्हानें ड जीवनसत्त्व बनत नाहीं. वडीलधाऱ्यांच्या आवडत्या कोवळ्या उन्हांतही तें फारसें बनत नाहीं. आपली सावली आपल्याहून आंखूड असते तेव्हांचें ऊन उपयोगाचें, आणि आपल्या अक्षांशावर तसें मध्यान्ह डिसेंबरांतही असतें. हातपाय उघडे ठेवून थोडा वेळ पुरे. त्वचा भाजून घ्यावयाची नाहीं.

ज्याला रोग जडलाच आहे त्याला ऊन आणि गोळी हीं दोन्ही पूरकच. आग शमविणारें औषध मेथोट्रेक्झेटसारखें, तज्ज्ञाच्या देखरेखीखालीं घ्यावयाचें. आणि तें पहिल्या कांहीं महिन्यांत सुरू झालें तर सांधे वांकडे होण्याचें पुष्कळसें टळतें. जीवनसत्त्वाच्या भरंवशावर वर्ष घालविलें तर गेलेली कूर्चा परत येत नाहीं. स्टेरॉइड घेणाऱ्यांना ड जीवनसत्त्व व कॅल्शियम हाडांसाठीं अवश्य लागतें, तें डॉक्टर देतातच. परंतु दुकानांतून आपल्या मनानें मोठ्या मात्रेचीं इंजेक्शनें वरचेवर घेणाऱ्यांच्या रक्तांत कॅल्शियम वाढतें. ओकाऱ्या, अतिशय तहान, मलावरोध, पुढें मूत्रपिंडाला इजा, असा तो क्रम असतो. तीं लक्षणें दिसलीं तर मात्रा थांबवून रक्तांतील कॅल्शियम त्याच दिवशीं तपासून घ्यावें.