खेळाडू विद्यार्थ्याच्या खर्चाची तजवीज

सातारा जिल्ह्यात, कराडनजीकच्या गोळेश्वर गावी जन्मलेले खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीस निघाले, त्या समयी प्रवासखर्चाची तजवीज होईना म्हणून कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर ७,००० रुपयांस गहाण टाकले. आणि त्या ऋणातून स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक, बँटमवेट कुस्तीतील कांस्य, उभे राहिले. एका शिक्षकाचे हे औदार्य वंदनीय खरे, परंतु त्याच्यावर विसंबण्याची पाळी विद्यार्थ्यावर येऊ नये असे मला मनापासून वाटते.

ही तजवीज व्यवस्थेनेच करण्याचा एक मार्ग परदेशात दिसतो: अमेरिकेत एनसीएए या महाविद्यालयीन क्रीडा संस्थेच्या प्रथम श्रेणीतील अनेक विद्यापीठे निवडक खेळाडूंचे शिक्षणशुल्क, निवास व भोजन यांचा भार शिष्यवृत्तीरूपाने उचलतात, मात्र अभ्यासात किमान गुण राखण्याची अट कायम असते. आणि श्रीरामपुरात जन्मलेल्या टेनिसपटू ऋतुजा भोसले याच मार्गाने टेक्सास ए अँड एम विद्यापीठाकडून खेळून पुढे २०२३ च्या हांगचौ आशियाई स्पर्धेत रोहन बोपण्णांसह मिश्र दुहेरीच्या सुवर्णपदकापर्यंत पोहोचल्या. अंतिम सामन्यात पहिला सेट २-६ असा गमावूनही त्यांनी ६-३, १०-४ असा विजय संपादिला.

जुलै २०२१ पासून अमेरिकेतील या विद्यार्थी-खेळाडूंस स्वतःच्या नावावर जाहिरातीचे द्रव्य घेण्याची मुभा आहे. परंतु विद्यार्थी व्हिसावरील परदेशीयांस रोजगाराच्या निर्बंधांमुळे ती बव्हंशी उपभोगता येत नाही, हे सातारा-सांगलीच्या पालकांनी अर्ज करण्यापूर्वीच ध्यानी घ्यावे.