जुनी स्कूटर घेताना आधी कागद, मग रंग

आमच्या वस्तीत अलीकडे एक नवीनच हौस दिसू लागली आहे. ज्या स्कूटरवर वडील कंपनीत जात, तसलीच जुनी स्कूटर पोरे शोधून आणतात, डेंटिंग-पेंटिंग करून चकाचक करतात आणि रविवारी विहारासमोर उभी करतात. हौसेला मोल नसते म्हणतात. पण पतपेढीचे कर्ज काढून केलेल्या हौसेला मोल असते आणि वर व्याजही असते. म्हणून चार गोष्टी वाचक बंधू-भगिनींपुढे ठेवाव्यात असे आम्हांस वाटले.

ही गाडी मुळात इटलीची. दुसरे महायुद्ध संपल्यावर पियाजिओ कंपनीने १९४६ साली व्हेस्पा काढली. तिचा आराखडा करणारे कोरादिनो दास्कानियो हे विमानांचे इंजिनिअर. पुढच्याच वर्षी इनोचेंती कंपनीची लॅम्ब्रेटा आली. लॅम्ब्रेटा मुंबईत बनू लागली आणि व्हेस्पा साठच्या दशकात बजाजने परवान्यावर काढली. १९७१ साली तो परवाना संपला, आणि १९७२ ला त्याच वळणाची चेतक आली. नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहणारी माणसे आमच्या कार्यालयात होती. आज चेतक नावाने जी नवी गाडी मिळते ती विजेवर चालते. तिचा व जुनीचा संबंध नावापुरताच.

जुनी गाडी पाहायला जाताना मालकाला सांगून ठेवावे की आम्ही येईपर्यंत चालू करू नका. गेल्यावर आधी इंजिनाला हात लावून पाहावा. गरम लागले तर समजावे, थंडीत किक बसत नाही. व्हेस्पा-चेतकला वेगळी चौकट नाही, पत्र्याचा सांगाडा हीच चौकट. म्हणून पायाखालचे रबर उचलून बघा, ब्रेकच्या पायडलभोवती बघा, खाली वाकून बघा. तिथे गंज खाल्लेला असेल तर वरच्या रंगाला भुलू नका. पुटीखाली भोके लपतात. टू-स्ट्रोक गाडी थोडा धूर सोडतेच. पण गरम झाल्यावरही पांढऱ्या धुराचे लोट थांबत नसतील तर सील गेले असावे किंवा बोअर-पिस्टनचे काम निघेल. गियर आपोआप सुटत असेल तर इंजिन उघडावे लागणार. मिस्त्रीला सोबत न्या, त्याची मजुरी द्या, पण विकणाऱ्याच्या ओळखीचा मिस्त्री नको.

एक धोक्याची गोष्ट घरातल्या मुलांनाही सांगून ठेवा. या गाडीची रिम दोन भागांची असते. बाहेरचे नट चाक ड्रमला धरतात, बाकीचे नट रिमचे दोन भाग एकमेकांना. ट्यूबमधली हवा पूर्ण सोडल्याशिवाय हे दुसरे नट ढिले केले, तर रिम उडून तोंडावर येते.

आता कागद. आरसी बुकातला चॅसिस नंबर आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबरांशी जुळवा. नंबरावर कागद ठेवून पेन्सिलीने छाप काढता येतो. जुन्या स्कूटरला दुसऱ्याच गाडीचे इंजिन बसवलेले पुष्कळदा आढळते. पंधरा वर्षे उलटलेल्या गाडीची नोंदणी पुन्हा झाली आहे का, पर्यावरण कर भरला आहे का, कर्जाचा बोजा उतरला आहे का, हेही पाहा. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घेऊन ते घरात ठेवण्याचे काही कारण नाही, आरटीओत द्यायचे असतात. विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत कळवावे असे कायदा म्हणतो. आमच्या एका सहकाऱ्याने स्कूटर विकली, पैसे मोजून घेतले आणि विसरून गेला. दोन वर्षांनी अपघाताची नोटीस त्याच्याच दारात! सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्टच सांगितले आहे की ज्याच्या नावावर नोंद, तोच नुकसानभरपाईला जबाबदार.

मग सजावट. कंपनीने दिलेली मूळ बांधणी बदलता येत नाही, असा निकाल २०१९ चा आहे. रंग मात्र बदलता येतो, आरसीवर तशी नोंद करून. आमच्याकडे बहुतेकांना निळाच हवा असतो; लावा, पण नोंद करा. पुढच्या पत्र्यावर अशोकचक्र नको, ते राष्ट्रीय चिन्हात मोडते. नंबरप्लेटवर 'जय भीम' लिहू नये. तिथे नंबरच हवा, आणि २०१९ पूर्वीच्या गाड्यांनाही महाराष्ट्रात आता उच्च सुरक्षा प्लेट सक्तीची आहे. सायलेन्सर कापून फटफट आवाज करण्यात काय मर्दुमकी आहे हे आम्हांला तरी समजलेले नाही. शेजारी दहावीचा अभ्यास करणाऱ्या मुलीला विचारा.

त्यापेक्षा ते पैसे ब्रेकच्या लायनरवर, केबलींवर, नव्या टायरवर आणि दोन हेल्मेटवर घाला. मागे बसणाऱ्या बाईंनाही हेल्मेट लागते. सुट्या भागांसाठी पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. जाताना खराब झालेला भाग सोबत न्यावा, नुसते नाव सांगून भागत नाही.