सरकारी नोकरी सोडलेला वकील : ओळख नको, तजुर्बा घ्या

एखादा मुनीम पेढी सोडून स्वतःचे दुकान थाटतो, तेव्हा कापड बाजारात पहिला सवाल होतो, जुन्या मालकाची गिऱ्हाइके सोबत आणली का? सरकारी नोकरी सोडून वकिली सुरू करणाऱ्यांबद्दलही आपले व्यापारी बंधू असेच बोलतात. 'साहेब इतकी वर्षे आत होते, ओळख असणारच.' याच समजुतीने आम्ही फसलो.

आमच्या पेढीला जीएसटीची नोटीस आली. ज्याच्याकडून ग्रे कापड घेतले त्याने कर भरला नव्हता, म्हणून आमचे इनपुट क्रेडिट नामंजूर होणार होते. नुकतीच नोकरी सोडलेल्या एका वकिलाकडे गेलो. 'कागद नंतर पाहू, आत बोलून ठेवतो,' असे ते म्हणाले. आम्ही निर्धास्त राहिलो. जवाब गेलाच नाही आणि आदेश आमच्याविरुद्ध झाला.

अपिलाची मुदत ३ महिन्यांची असते. सबळ कारण दाखवले तर आणखी १ महिना मिळू शकतो. तिसरा महिना संपत आला तेव्हा आम्ही दुसऱ्या वकीलसाहेबांकडे धावलो. तेही पूर्वी सरकारी सेवेतलेच. पण त्यांनी ओळखीचे नाव काढले नाही. बिले, ई-वे बिल, बिल्टी, बँकेचा उतारा, स्टॉक रजिस्टर सारे मागवले. म्हणाले, 'फाइलवर शेरा काय पाहून लिहितात ते मला ठाऊक आहे. माझ्या नोकरीचा तुम्हाला फायदा एवढाच.' वादातल्या कराची १० टक्के रक्कम भरून अपील मुदतीत दाखल झाले. निकाल यायचा आहे, पण आमची बाजू निदान कागदावर आली.

बार कौन्सिल ऑफ इंडियाचे नियम या बाबतीत साफ आहेत. पूर्णवेळ पगारी नोकरी करताना वकिली करता येत नाही. नोकरी सुटल्यावर ती करता येते, पण ज्या प्रकरणात सरकारतर्फे सल्ला दिला किंवा काम पाहिले, त्याच प्रकरणात समोरच्या पक्षातर्फे उभे राहता येत नाही. जुन्या पक्षकाराचे गुपित ही अमानत आहे. नोकरी संपली म्हणून ती संपत नाही. वकिलाला जाहिरात करता येत नाही. दारावरच्या पाटीवर 'माजी न्यायाधीश' असेही लिहिता येत नाही. 'जिंकलो तर इतके टक्के' असा फीचा सौदाही मना आहे.

वकिलीची सनद नसलेला निवृत्त कर अधिकारी जीएसटीच्या कामात व्यापाऱ्याचा प्रतिनिधी होऊ शकतो. मात्र तो किमान २ वर्षे गट 'ब' राजपत्रित किंवा वरच्या पदावर असला पाहिजे आणि निवृत्तीनंतर पहिले १ वर्ष तो उभा राहू शकत नाही.

तेव्हा वकील ठरवताना तीन गोष्टी विचाराव्यात. या प्रकरणाशी तुमचा पूर्वी संबंध होता का? जवाबाची शेवटची तारीख कोणती? फी किती, आणि पावती मिळेल का? दाखल केलेल्या प्रत्येक कागदाची प्रत स्वतःजवळ ठेवावी.

नोकरी सोडलेल्या माणसाला महिन्याचा पगार नसतो, हेही आपण ध्यानात घ्यावे. त्याची फी उधारीवर ठेवू नये. पण ती फी कामाची असावी, ओळखीची नव्हे. जो आतल्या ओळखीचा भाव सांगतो, त्याच्या दुकानाची पायरी चढू नये.