नुसती सही नको, काम शिकू द्या!

मैत्रिणींनो, घरात कॉलेजात जाणारी मुलगी असेल तर हा संवाद तुमच्या कानांवरून गेलाच असेल, नाही तर लवकरच जाईल. मुलगी म्हणते, "आई, ओजेटी करायचंय. कुठंतरी काम करून सर्टिफिकेट आणायला सांगितलंय." वडील पेपरातून डोकं वर न काढता म्हणतात, "त्यात काय! मामाच्या दुकानाचा शिक्का मारून आणू." आणि आपणही 'बरं झालं, उन्हातान्हात हिंडायला नको' म्हणून पोळ्या लाटायला लागतो.

इथंच आपलं चुकतं!

ओजेटी म्हणजे ऑन जॉब ट्रेनिंग, कामाच्या जागी जाऊन घ्यायचं शिक्षण. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर ते पदवीच्या अभ्यासक्रमातच आलं. महाराष्ट्रातल्या संलग्न महाविद्यालयांत ही नवी रचना 2024-25 पासून लागू झाली. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या डिसेंबर 2022 च्या आराखड्यात तीन वर्षांच्या पदवीला किमान 120 क्रेडिट ठेवली आहेत. त्यांतली 9 कौशल्याच्या विषयांना, तर 2 ते 4 प्रत्यक्ष कामाच्या अनुभवाला. अशा कामाचं एक क्रेडिट म्हणजे 30 तास. चार क्रेडिट असतील तर 120 तास, म्हणजे रोज सहा तास धरले तर वीस दिवस. घरातल्या एका लग्नाच्या तयारीला आपल्याला याहून जास्त दिवस लागतात!

पदवीच्या शिक्षणाला व्यवहाराची जोड हवी, हा विचार आपल्याकडे नवा नाही. महर्षी कर्व्यांनी 1916 मध्ये पुण्यात महिला विद्यापीठ काढलं, तेव्हा मातृभाषेतून शिकवण्याबरोबरच आरोग्य आणि गृहव्यवस्था हे विषयही अभ्यासक्रमात ठेवले होते. तेव्हा डोळ्यांपुढं घर होतं, आता घराबाहेरचं कामही आहे, एवढाच फरक.

वीस दिवसांत मुलगी काय शिकेल, असं वाटेल तुम्हांला. पतसंस्थेत बसली तर खातेदाराशी कसं बोलायचं ते कळेल. कर सल्लागाराकडे गेली तर पुस्तकातली नोंद आणि खरं बिल यांची सांगड कशी घालायची ते कळेल. वेळेवर पोचणं, चूक झाली तर लपवून न ठेवता सांगणं, हे वर्गात बसून येत नाही. मामाच्या शिक्क्यानं मार्क मिळतील हो, पण उद्या मुलाखतीत "तिथं काय काम केलंत?" असं विचारलं, की पोर गप्प बसेल. सही मामाची, फजिती मात्र तिची.

म्हणून जागा ठरवण्याआधी एवढं विचारून घ्या: काम नक्की कोणतं? शिकवणार कोण? वेळ काय, आणि परतीची बस आहे का? कॉलेजातले कोणते शिक्षक लक्ष ठेवणार? रोज केलेल्या कामाच्या दोन ओळी वहीत लिहून ठेवायला तिला सांगा. अहवाल लिहिताना तीच वही कामाला येते.

मुलीच्या सुरक्षिततेची काळजी कोणत्या आईला नसते? पण त्यासाठी तिला घरी बसवणं हा उपाय नव्हे. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्याचं संरक्षण शिकाऊ मुलींनाही आहे. दहा किंवा अधिक माणसं कामाला असतील तिथं तक्रार समिती असावीच लागते; त्याहून लहान जागेसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते. मुलीला हे आधीच सांगून ठेवा. पहिल्या दिवशी जागा बघायला तिच्याबरोबर गेलात तरी काही बिघडत नाही.

आणखी एक. मुलाला आपण बिनदिक्कत पाठवतो; मुलीच्या वेळी मात्र 'कशाला उगाच' म्हणतो. अभ्यासक्रम दोघांना सारखाच आहे, नोकरीच्या बाजारात उभं दोघांनाही राहायचं आहे. मग ते वीस दिवस मुलीच्या वाट्याची घरकामं थोडी वाटून घ्या की! त्यात तिच्या भावालाही धरा.

संध्याकाळी ती दमून आली, की आधी चहा द्या. मग विचारा, "आज काय शिकलीस गं?" मार्कांची चौकशी नंतर केली तरी चालेल.