बमरोलीहून: रस्ता रुंद, पण कुणासाठी?

सुरत म्हटलं की महाराष्ट्रात शिवाजी महाराजांची स्वारी आठवते, नाहीतर साड्यांचा बाजार. बमरोलीची सुरत या दोन्हींत बसत नाही. शहराच्या दक्षिण अंगाला, पांडेसरा औद्योगिक वसाहतीला लागून असलेला हा भाग लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या कारखान्यांचा आणि कामगारांच्या चाळींचा. ओडिया आणि हिंदीइतकीच अहिराणी इथं कानावर पडते, कारण ताप्ती लाइनच्या गाड्यांनी नंदुरबार, धुळे, जळगावची माणसं वर्षानुवर्षं इकडे आणून सोडली आहेत. लूमवर बारा-बारा तासांची पाळी असते. पाळी सुटते तेव्हा रस्त्यावर मोटारी कमी आणि माणसं जास्त दिसतात. कुणी पायी, कुणी सायकलवर, तर कुणी शटल रिक्षात ड्रायव्हरच्या शेजारी अर्धं अंग बाहेर ठेवून. त्यामुळे वाहतुकीचा विचार करायला बमरोली ही जागा पुण्याच्या परिसंवादापेक्षा बरी. रस्ता कुणाचा, हे इथं नुसतं पाहून कळतं.

सुरत महापालिकेने जलद बससेवेचा पहिला मार्ग २०१४च्या जानेवारीत सुरू केला, तो उधना दरवाजा ते सचिन. म्हणजे बंगल्यांच्या वस्तीतून नव्हे, तर उधना-पांडेसऱ्याच्या कारखान्यांच्या अंगाने. पुढे हे जाळं शंभर किलोमीटरच्या वर गेलं. शहर बसही महापालिकेच्या त्याच ‘सिटीलिंक’ या बस कंपनीच्या छत्राखाली आली आणि दिवसभर कुठेही फिरा असं २५ रुपयांचं ‘सुमन प्रवास’ तिकीट निघालं. पुणेकरांना हे वाचून झोंबायला हवं, कारण देशातला पहिला असा प्रयोग २००६च्या डिसेंबरात कात्रज-स्वारगेट-हडपसर रस्त्यावर आपणच केला होता. तेव्हा सुरतेत त्याचं नावही नव्हतं. मग आपण काय केलं? बसच्या राखीव मार्गिका तुकड्यातुकड्यांत आखल्या, चौकाचौकांत सोडून दिल्या, खासगी गाड्या आत शिरल्या तेव्हा दुसरीकडे पाहिलं, आणि नगर रस्त्यावर तर त्या अलीकडे उखडूनच टाकल्या. वर २०२५च्या जूनमध्ये पीएमपी बसचा दिवसाचा पास ४० रुपयांवरून ७० वर नेला. सेवा कापायची, भाडं वाढवायचं आणि लोक दुचाकी घेतात म्हणून हळहळायचं, याला धोरण म्हणत नाहीत.

यावर ठरलेलं उत्तर येतं, की गुजरातचे रस्तेच रुंद, तिथं जमणारच. रुंद आहेत खरे, पण ते आभाळातून पडले नाहीत. नगररचना योजनेत मालकांच्या जमिनी एकत्र करतात, त्यांतून रस्ते, बागा, शाळांसाठी वाटा काढतात आणि उरलेल्या जमिनीचे सरळ आकाराचे भूखंड ज्याचे त्याला परत देतात. जमीन थोडी घटते, भाव वाढतो, कोर्टकचेरी कमी होते. गंमत अशी, की या पद्धतीचा कायदा मुंबई इलाख्याचा, १९१५चा. १९६० साली दोन्ही राज्यांना ही पद्धत वारशात सारखीच मिळाली. गुजरातने ती राबवली. आपण १९६६च्या नव्या कायद्यात ती तरतूद ठेवली, पण भिस्त आराखड्यातल्या आरक्षणांवर टाकली. त्यातले कितीतरी रस्ते अजून नकाशावरच आहेत. म्हणजे ‘आमच्याकडे जागा नाही’ ही निसर्गाची अडचण नव्हे, आपण केलेली निवड आहे. शिवाय रस्ता अरुंद असेल तर तो बसला आधी द्यायला हवा. अमेरिकेतल्या शहर वाहतूक अधिकाऱ्यांच्या संघटनेचा अंदाज आहे, की एका मार्गिकेतून खासगी गाड्यांनी तासाला ६०० ते १,६०० माणसं जातात आणि बससाठी राखून ठेवली तर ४,००० ते ८,०००. बसची मार्गिका मोटारीतून रिकामी दिसते ती यामुळेच. बस वेळेवर निघून गेलेली असते.

दुसरा आक्षेप मेट्रोचा. मेट्रो येणार, मग बसचा खटाटोप कशाला? सुरतेतही सुमारे चाळीस किलोमीटरच्या दोन मेट्रो मार्गिकांचं भूमिपूजन २०२१ साली झालं. पण चाळीस किलोमीटरची रेल्वे लूमच्या गल्लीच्या तोंडाशी येत नसते. तिथवर पायच जातात, नाहीतर बस. आणि नेमकं इथंच सुरतचंही गणित चुकतं. ते लपवण्यात अर्थ नाही. बसथांबा रस्त्याच्या मधोमध, चकचकीत. तिथं पोचायला मात्र भरधाव वाहनांच्या दोन धारा ओलांडायच्या. आतल्या गल्ल्यांत फूटपाथ असला तर त्यावर तागे, टेंपो आणि दुचाक्या. बमरोलीत महापालिका सांडपाणी शुद्ध करून पांडेसऱ्याच्या कारखान्यांना विकते. रोज चार कोटी लिटर क्षमतेची ती योजना आहे. जे शहर मैलापाण्याचा एवढा हिशेब ठेवू शकतं, त्याला पाळी सुटल्यावर चालत जाणाऱ्या कामगारासाठी सलग दीड-दोन मीटरची पायवाट मोकळी ठेवता येऊ नये, हे पटत नाही. १९९४च्या प्लेगनंतर याच शहराने वर्ष-दोन वर्षांत स्वतःला घासूनपुसून स्वच्छ केलं होतं.

केंद्राच्या २००६च्या शहरी वाहतूक धोरणात वाहनं नव्हे, माणसं हलवा, असं स्पष्ट सांगितलं आहे. त्या कसोटीवर सुरतला अर्ध्याहून थोडे जास्त गुण देईन. ते जाळं पुरं केल्याबद्दल. पुण्याला सुरुवात केल्याचे देता येतील, पण सुरुवातीलाही आता वीस वर्षं होत आली. तुमच्या भागात पुन्हा कधी बसची मार्गिका काढायचा ठराव आला, तर सभेत उठून एवढंच विचारा, की त्या रस्त्याने तासाला किती माणसं जातात आणि मार्गिका काढल्यावर किती जातील. हा आकडा लेखी मागा, आणि मिळेपर्यंत खाली बसू नका.