उतारा आणि त्याखालचे प्रश्न



उताऱ्यावरील प्रश्न म्हटले की मुलांना हायसे वाटते. उत्तर समोरच छापलेले असते ना! प्रश्नातला एखादा शब्द उताऱ्यात गाठायचा आणि ते वाक्य जसेच्या तसे उतरवायचे. पण ही युक्ती दर वेळी चालत नाही. कशी ते पाहा. ही चार वाक्ये फळ्यावर लिहा :

'१८४८ साली जोतीराव फुले यांनी पुण्यात भिड्यांच्या वाड्यात मुलींची शाळा काढली. सावित्रीबाई तेथे शिकवू लागल्या. वाटेत काही लोक त्यांच्या अंगावर शेण व चिखल फेकीत. त्या आपल्याबरोबर आणखी एक लुगडे नेत असत.'

आता प्रश्न विचारा. शाळा कोणत्या साली निघाली? उत्तरावर बोट ठेवता येते. सावित्रीबाई कोठे शिकवीत? येथे 'तेथे' म्हणजे कोठे, हे पाहायला एक वाक्य मागे जावे लागते. दोन वाक्यांची गाठ घालावी लागते. त्या जास्तीचे लुगडे का नेत? बघा, 'म्हणून' हा शब्द उताऱ्यात कोठेच नाही! लुगडे खराब झाले तरी शिकवणे थांबू द्यायचे नाही, हे मुलाने आपले आपण ओळखायचे. इथेच उतरवून काढणारा मुलगा शेवटचे वाक्य लिहितो आणि प्रश्न तसाच राहतो. चौथा प्रश्न : चांगल्या कामाला विरोध झाला तर तुम्ही काय कराल? याचे उत्तर मुलाच्या स्वतःच्या विचारातून यायचे.

अमेरिकेतील शिक्षणतज्ज्ञ टॅफी राफेल यांनी १९८० नंतरच्या दशकात प्रश्न व उत्तर यांच्या नात्यावरून असेच चार प्रकार शिक्षकांपुढे मांडले. त्याला साधने काही लागत नाहीत; फळा-खडू पुरे.

मग वर्गात काय करावे? उत्तर विचारण्याआधी विचारा, 'उत्तर कुठे सापडेल? एका ओळीत, दोन-तीन ओळींत, ओळींच्या मधे, की तुझ्या मनात?' उत्तर आल्यावर विचारा, 'कशावरून?' तिसऱ्या प्रकारात दोन मुलांची उत्तरे निराळी आली तरी बिघडत नाही. मात्र प्रत्येकाने उताऱ्यातला आधार दाखवला पाहिजे. नुसत्या उतरवलेल्या वाक्याला गुण देऊ नका. आठवड्यातून एकदा मुलांनाच चारही प्रकारचे प्रश्न काढायला लावा. ज्याला प्रश्न काढता आला, त्याला उतारा कळला असे समजा.

हे सारे परीक्षेपुरतेच आहे का? नाही. उद्या हाच मुलगा सोसायटीच्या कर्जाचा कागद हातात घेईल. हप्ता किती, हे त्यात लिहिलेले असेल. हप्ता चुकला तर एकूण किती भरावे लागेल, हे मात्र दोन कलमे जोडून त्यालाच काढावे लागेल. अंगठा गेला, सही आली. पण सही करण्याआधी 'याचा अर्थ काय?' असे विचारण्याची सवय शाळेतच लागायला हवी.