साठमारी ते कमाटीबाग

खंडेराव गायकवाडांच्या बडोद्यात प्राणी बघायचे म्हणजे झुंज बघायची. साठमारीत माजावर आलेल्या हत्तीला डिवचायचे आणि तो अंगावर धावून आला की भिंतीतल्या अरुंद दारातून निसटायचे, हा खेळ दरबाराच्या मोठ्या आवडीचा. १८६० च्या दशकात पाहुणा म्हणून आलेल्या लुई रूसले या फ्रेंच प्रवाशाने तर गेंड्यांची झुंज पाहिली. दोघे ओळखू यावेत म्हणून एक गेंडा काळा आणि दुसरा लाल रंगवला होता.

त्याच शहरात १८७९ मध्ये विश्वामित्रीच्या काठी सार्वजनिक बाग झाली आणि तिच्यात प्राणिसंग्रहालय आले. गादीवर तिसरे सयाजीराव होते. नाशिककडच्या कवळाण्याहून १८७५ मध्ये दत्तक आलेले हे महाराज तेव्हा अल्पवयीन होते. कारभार दिवाण सर टी. माधवराव पाहत. बागेचे नाव आज सयाजीबाग असले, तरी जुने बडोदेकर तिला कमाटीबागच म्हणतात.

प्राणी संस्थानचेच राहिले, पण त्यांचे प्रयोजन पालटले. १८९४ मध्ये याच बागेत वस्तुसंग्रहालयाची इमारत पूर्ण झाली. पुढे १९०६ मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत करणाऱ्या राजाच्या लेखी पिंजऱ्यातला वाघ आणि कपाटातला सांगाडा ही दोन्ही प्रजेच्या शिक्षणाची साधने होती. या वस्तुसंग्रहालयाचे सर्वांत मोठे आकर्षण म्हणजे निळ्या देवमाशाचा सांगाडा. हा देवमासा १९४४ मध्ये डबका गावाजवळ मही नदीत वाहून आला होता. त्याची लांबी ७० फुटांहून अधिक आहे.

१ मे १९४९ रोजी बडोदे संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. आज बाग आणि प्राणिसंग्रहालय महापालिका सांभाळते.

राजाश्रय गेला, तशी प्राणी पाळण्याची रीतही बदलली. १९९२ मध्ये स्थापन झालेले केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण देशभरच्या संग्रहालयांना मान्यता देते. पिंजऱ्यांचा आकार, आहार, औषधोपचार यांचे निकष पाळल्याखेरीज ती मिळत नाही.

बडोद्यापुढे मात्र आणखी एक प्रश्न आहे, तो नदीचा. बागेतून वाहणाऱ्या विश्वामित्रीत शेकडो मगरी मोकळ्या राहतात. ऑगस्ट २०२४ मध्ये नदी पात्र सोडून वाहिली, तेव्हा त्या वस्त्यांत शिरल्या. पाणी वाढले की मोकळ्या मगरी वाट काढतात, पिंजऱ्यातल्या प्राण्यांना ती सोय नसते. त्यांना वेळेत उंचावर हलवण्याची तयारी दर पावसाळ्याआधी व्हायलाच हवी.